सव्वाच्या गाडीची गोळी

पगारे भाऊसाहेबांना एस.टी. लागायची. साधीसुधी नाही. गाडीने नाशकातला द्वारका चौक ओलांडला की त्यांचा चेहरा हिरवा पडायचा आणि आडगावच्या आत पहिली उलटी ठरलेली. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक गाडीची वेळ ज्या माणसाला तोंडपाठ होती, तो उभ्या आयुष्यात चार-पाचदाच गाडीत बसला होता, आणि त्यातल्या एकदा त्याच्या स्वतःच्या लग्नाचं वऱ्हाड होतं. लग्नाच्या फोटोत ते फार गंभीर दिसतात. त्यांच्या बायकोला पहिली दोन वर्षं वाटत होतं, की ह्यांना मी पसंत नव्हते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी क्षयरोगाच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये होते. पेशंटची थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची आणि भिंगाखाली जंतू शोधायचे, हे माझं काम. पाहुण्यांनी विचारलं तर मी ‘सरकारी नोकरी’ म्हणून थांबायचे, कारण पुढचं सांगितलं की समोरचा हातातला चहा खाली ठेवायचा. दवाखाना सीबीएसच्या स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर होता. दारातून आत आलं की केसपेपरची खिडकी, खिडकीत पगारे भाऊसाहेब, आणि त्यांच्या बरोबर मागे माझं टेबल. त्यामुळे आठ वर्षं हा माणूस मी मुख्यतः पाठमोराच पाहिला. पाठ रुंद होती आणि शर्ट रोज इस्त्रीचा असे.

कुठल्याही दवाखान्यात खिडकीवर पहिल्यांदा नाव विचारतात. पगारे विचारायचे, “परत कोणत्या गाडीनं जाणार?”

नव्या माणसाला वाटायचं, आपण चुकून चौकशीच्या खिडकीवर आलो. तो गोंधळून गाडी सांगायचा. मग पगारे तांबड्या पेन्सिलीने केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात ती वेळ लिहायचे, मोठ्या अक्षरात, आणि त्यानंतर नाव, वय, गाव. सगळे पेपर हातात आले की पत्ते लावावेत तसे ते गाडीच्या वेळेप्रमाणे लावून डॉक्टरांकडे पाठवायचे. ज्याची गाडी लवकर तो आधी. पेठवाला येवल्यावाल्याच्या आधी का, याचं उत्तर एस.टी.च्या वेळापत्रकात असायचं. ते रोज सकाळी सायकलवरून कामावर येताना स्टँडवर उतरून फळ्यावरचे बदल बघून यायचे. स्वतः घड्याळ वापरायचे नाहीत. म्हणायचे, “घड्याळ पुढं पण असतं, मागं पण असतं. गाडी एकदम भरवशाची. ती कायम मागंच.”

शहरातले लोक भांडायचे. एकदा पंचवटीतला एक गृहस्थ कडाडला, “मी सातपासून उभा आहे! हे आत्ता आले आणि आत गेले?”

“दादा,” पगारे मान वर न करता म्हणाले, “तुमचं घर पळून जाणार हाय का? त्यांची गाडी जाणार हाय.”

गृहस्थ परत रांगेत जाऊन उभा राहिला. पगारे भांडणात आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे समोरच्याला भांडण पुरवून वापरावं लागायचं. ‘राम राम’ला राम राम, ‘जय भीम’ला जय भीम आणि ‘सलाम’ला सलाम, एवढं तत्परतेने दिलं की बाकी सगळं ते सावकाश करायचे.

आमचे डॉक्टर देवधर मनाने चांगले होते. एका सकाळी शंभराच्या वर पेशंट, आणि एक वाजता बाह्यरुग्ण विभाग बंद. एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट यायचं. त्या दीड मिनिटात ते छातीचा फोटो बघायचे, पाठीला नळी लावायचे, लिहायचे आणि म्हणायचे, “रोज गोळी घ्यायची. चुकवायची नाही.” हे शेवटचं वाक्य ते पुढच्या पेशंटचा फोटो उजेडाकडे धरत म्हणायचे. चेहऱ्याकडे बघायला वेळच उरायचा नाही. एकदा भाजीबाजारात एका पेशंटने त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टरांना ओळख पटेना. तो बिचारा फोटो काढूनच घरी चालला होता, त्याने पिशवीतून फोटो काढून उन्हात धरला. डॉक्टर एकदम खुलले. “अरे! उजवा वरचा! कसं काय?”

टी.बी.चं औषध तेव्हा दीड वर्ष चालायचं. खोकला मात्र दोन महिन्यांत थांबतो, आणि खोकला थांबलेला माणूस दीड वर्ष गोळ्या खात नाही. तो शेतावर जातो. मग वर्षभराने परत येतो, तेव्हा दोन माणसांनी धरून आणलेला असतो. असे परत आलेले लोक खिडकीत उभे राहिले की पगाऱ्यांची पाठ थोडी वाकायची. ते जुना पेपर शोधून काढायचे आणि कोपऱ्यात नवी गाडी लिहायचे.

गयाबाई सायखेड्याची. पन्नाशीची, काटक, नाकात मोठी नथ आणि तोंडात त्याहून मोठा आवाज. ती दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची आणि सव्वाच्या गाडीने परत जायची. सहा महिन्यांनी मी तिची थुंकी तपासली तर काच साफ. वर्षाने तपासली, साफ. गोळ्यांच्या पुड्या मोजल्या तर बरोबर संपलेल्या. असं आमच्याकडे घडत नसे, त्यामुळे मला आधी संशयच आला.

पगाऱ्यांनी तिला विचारलं, “मावशी, एकबी गोळी चुकली नाय? खरं सांगा.”

“कशी चुकंल?” गयाबाई म्हणाली. “गाडी चुकली तर गोळी चुकंल ना.”

मग हळूहळू उलगडा झाला. पहिल्या दिवशी तिने केसपेपरवरच्या तांबड्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय? पगारे म्हणाले होते, “ही तुमची सव्वाची गाडी. ही चुकवायची नाय.” आणि आत डॉक्टर म्हणाले होते, गोळी चुकवायची नाही. गयाबाईने दोन्ही हुकूम एकत्र केले. ज्या गाडीचा आकडा डागदराच्या कागदावर, त्या गाडीवर गोळी घ्यायची. ती गाडी सायखेड्यात अडीचच्या सुमाराला पोचायची, पण गयाबाईच्या हिशेबी ती सव्वाचीच. ती रोज हातात गोळी आणि तांब्या घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहायची. गाडी थांबली, की गोळी तोंडात. गाडी उशिरा, तर गोळी उशिरा. पावसाळ्यात एक दिवस गाडी आलीच नाही, तेव्हा ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथेच बसून होती. कंडक्टर तिला ओळखायला लागला होता. घंटी मारायच्या आधी विचारायचा, “मावशी, घेतली का?”

आम्ही सगळे खूप हसलो. डॉक्टर देवधर चष्मा काढून हसले. पगारे हसले नाहीत. ते बराच वेळ त्या पेपरच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपलं लिहिणं चुकलं म्हणून वाईट वाटलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खिडकीवर एक प्रश्न वाढवला. “तुमच्या गावात दुपारी गाडी किती वाजता लागते?” आणि उत्तर आलं की, “मग त्या गाडीवर गोळी. गाडी बघायची, मग गिळायची. गाडी बघितल्याबिगर नाय.” लोक डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं विसरत होते, पण गाडी रोज आठवण करायला दारात येत होती. ज्या गावाला गाडी नव्हती तिथे त्यांनी दुसरं काही शोधलं. येवल्याच्या एका विणकराला सांगितलं, सकाळी मागावर बसायच्या आधी गोळी, गोळीशिवाय धोट्याला हात लावायचा नाही. देवळाली कॅम्पच्या एका धोब्याला सांगितलं, लष्कराची पहिली तोफ वाजली की गोळी. पंधरा दिवसांनी धोबी तक्रार घेऊन आला, “भाऊसाब, इतवार को तोप नहीं चलती.” पगाऱ्यांनी विचार केला आणि त्याच्या पेपरवर लिहिलं, रविवारी पॅसेंजरची शिट्टी.

डॉक्टर देवधर एकदा म्हणाले, “पगारे, हे तुमचं कुठल्या पुस्तकात आहे?”

“एस.टी.च्या टाइमटेबलात, साहेब.”

डॉक्टर मान हलवून फोटो बघायला लागले. पण मी काचा तपासत होते, मला दिसत होतं. साफ काचा वाढल्या होत्या.

याच सुमारास गयाबाईने आपली सून आणली. मंदा. विशीची, कडेवर सहा महिन्यांची मुलगी, पदर तोंडावर. तिच्या थुंकीत जंतू इतके होते की मला शोधावे लागले नाहीत. सुनेला टी.बी. निघाला की तेव्हा बरीच घरं औषध आणायच्या आधी तिला माहेरी धाडायची. गयाबाईचा मुलगा, भागवत, त्याच विचारात होता. गयाबाईने त्याला सांगितलं होतं, “मी बरी झाले का नाय? मग ही बी व्हईल. भाऊसाहेब हाय तिथं.” डॉक्टरांचं नाव तिला माहीत नव्हतं. म्हणजे त्या पोरीचा संसार आणि जीव दोन्ही पगाऱ्यांच्या तांबड्या पेन्सिलीवर टांगलेले होते. पगाऱ्यांना ते पुरतं ठाऊक होतं. त्यांनी मंदाच्या पेपरवर सव्वाची गाडी लिहिली आणि आकडा दोनदा गिरवला.

आणि तेव्हाच वरून एक साहेब आले. सभ्य माणूस, उगाच खोटं कशाला सांगू. त्यांच्याकडे शाळेच्या शर्यतीत वापरतात तसलं थांबवायचं घड्याळ होतं. दोन दिवस ते खिडकीजवळ उभं राहून ते दाबत राहिले. निष्कर्ष असा निघाला, की डॉक्टर पेशंटला दीड मिनिट देतात आणि क्लार्क तीन मिनिटं. हे उलटं आहे. यापुढे खिडकीवर नाव, वय, गाव एवढंच, पितळी बिल्ल्याचा नंबर आणि नंबराप्रमाणे आत. कागदावर कामाव्यतिरिक्त खुणा करू नयेत. माझ्याकडेही आले. दिवसाला काचा वाढवा म्हणाले. एक काच नीट बघायची तर भिंग शंभर ठिकाणी फिरवावं लागतं. मी वीस ठिकाणी फिरवायला लागले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पगाऱ्यांनी तांबडी पेन्सिल खणात ठेवली. हुकूम म्हणजे हुकूम. त्यांच्या वडिलांनी गावकुसाबाहेर राहून गावकीत लोकांचे तोंडी हुकूम झेलण्यात जन्म घालवला होता, आणि मुलाला शिकवलं होतं ते कागदावरचा हुकूम मिळावा म्हणून. लेखी हुकुमावर त्यांची श्रद्धा होती. ते नंबर देऊ लागले. रांग झरझर हलू लागली आणि साहेबांनी वरती तसं कळवलं.

तिसऱ्या आठवड्यात गयाबाई आणि मंदा आल्या. बिल्ला एकशे चौऱ्याऐंशी. एक वाजत आला तेव्हा एकशे पासष्ट चालू होता. गयाबाई खिडकीवर आली.

“भाऊसाहेब, गाडी.”

“मावशी, आता नंबरानं हाय.”

“बरं,” ती म्हणाली, आणि जाऊन बसली. तिने भांडण केलं नाही, हेच मला बरं वाटलं नव्हतं. सव्वाची गाडी गेली. त्या दिवशी पेशंट जास्त म्हणून एकशे ऐंशीनंतरच्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. गोळ्या न घेताच दोघी संध्याकाळच्या गाडीने उभ्याने गेल्या, मुलगी रडरडून निळी पडलेली. त्या गेल्या तेव्हा पगारे रजिस्टरमध्ये रेघा मारत होते. आधीच मारलेल्या रेघांवर पुन्हा रेघा मारत होते.

त्या परत आल्याच नाहीत.

न येणाऱ्या पेशंटला तीन कार्डं टाकायची, असा नियम होता. उघड्या पोस्टकार्डावर ‘टी.बी.’ लिहिलं तर ते पोस्टमनपासून पाटलापर्यंत सगळे वाचणार, म्हणून पगाऱ्यांचा मजकूर ठरलेला असे, “आपली गाडी चुकली आहे. येऊन जाणे.” मंदाला त्यांनी तीन कार्डं टाकली. चौथं नियमात नसताना टाकलं. उत्तर नाही. एक दिवस ते माझ्या टेबलाकडे वळले. आठ वर्षांत फार तर दहाव्यांदा वळले असतील.

“ताई, गोळ्या बंद होऊन किती दिवस झाले की परत जंतू वाढतात?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि एका दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी ‘खाजगी’ लिहिलं.

सायखेड्यात काय झालं ते मला गयाबाईने सांगितलं, कारण पगारे एवढंच म्हणाले, “जाऊन आलो.” सव्वाची गाडी अडीचला फाट्यावर लागली आणि तिच्यातून दोन प्रवाशांनी एक माणूस उतरवला. तो उभा राहू शकत नव्हता. शर्ट खराब झाला होता, हातात गोळ्यांची पिशवी घट्ट धरलेली. भागवत त्या फुकट गेलेल्या दिवसावर चिडला होता आणि त्याने शपथ घेतली होती, की दवाखान्याचा कुणी आला तर वेशीवरूनच परत पाठवीन. पण जो धड बसू शकत नाही त्याला परत कसं पाठवणार? शेवटी भागवतनेच त्याला खांद्यावर घेऊन घरी नेलं आणि बाजेवर झोपवलं. मंदाने कांदा फोडून हुंगायला दिला. भागवत दोन तास पंख्याने वारा घालत बसला. पाणी द्यायला कोणता तांब्या घ्यावा, याचा विचार करायला त्या दिवशी त्या घरात कुणाला सवड नव्हती. हे एवढं एक मला पुढे पगाऱ्यांनी स्वतः सांगितलं.

ते उठून बसले तेव्हा भागवत म्हणाला, “एवढं लागतं तर आलात कशाला?”

“तुमच्या बायकोची गाडी माझ्यामुळं चुकली,” पगारे म्हणाले. “ह्यांचा दोष नाय, मावशींचा नाय. माझी चूक हाय. मला दिसत व्हतं आन् मी नंबर धरून बसलो.”

गयाबाई म्हणाली, सरकारी माणूस ‘माझी चूक हाय’ म्हणतो, हे भागवतने जन्मात ऐकलं नव्हतं.  दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने तो स्वतः मंदाला घेऊन दवाखान्यात हजर झाला.

पगाऱ्यांनी खण उघडला, तांबडी पेन्सिल काढली, टोक केलं आणि सगळ्यांच्या देखत मंदाच्या पेपरवर लिहिलं, १.१५. मग तिच्या मागच्याच्या पेपरवर. मग त्याच्या मागच्याच्या. बिल्ले त्यांनी एका डब्यात भरून कपाटावर ठेवले. डॉक्टर देवधरांनी पहिला पेपर हातात घेतला, कोपरा बघितला आणि मान वर केली. मंदाच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, “तुमची गाडी सव्वाची ना? या, बसा.” डॉक्टरांनी पेशंटचं तोंड बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

वर्षभर तसं चाललं. मग पुन्हा घड्याळवाले साहेब आले, त्यांनी कोपरे बघितले आणि दीड महिन्याने पगाऱ्यांची बदली झाली. सुरगाण्याला. नाशिक ते सुरगाणा रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. वळणं इतकी की निरोगी माणूसही मधे कुठेतरी देव आठवतो. डॉक्टरांनी बदली रद्द व्हावी म्हणून दोन पत्रं लिहिली. पगारे म्हणाले, “साहेब, राहू द्या. लेखी हुकूम हाय.” आणि आपली पेन्सिल खिशाला लावून निघाले.

त्या दिवशी मी सकाळीच मंदाची काच लावली होती. दीड वर्ष पुरं होत आलं होतं, ही शेवटची तपासणी. जेवणाच्या सुट्टीत मी डबा न खाता सीबीएसवर धावले. सुरगाण्याची गाडी फलाटावर लागली होती. पगारे तिसऱ्या खिडकीत बसलेले, मांडीवर पिशवी, हातात लिंबू. गाडी अजून सुटलीही नव्हती, तरी चेहरा हिरवा. इतक्या वर्षांत मी त्यांना समोरून असं नीट पहिल्यांदाच बघत होते. डोळे बरेच थकलेले होते.

“भाऊसाहेब, मंदाची काच साफ आली.”

त्यांनी लिंबू खाली घेतलं. “ताई, एक विचारू? राग मानू नका. किती ठिकाणी बघितली?”

त्यांना माहीत होतं. माझ्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला काच किती वेळात सरकते ते ऐकू येत होतं, आणि वर्षभर ते काही बोलले नव्हते.

“शंभर,” मी म्हणाले. “दोनदा. दोनशे.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले आणि हसले. कंडक्टरने घंटी मारली. “बघा, चार मिनिटं लेट.”

गाडी हलली. त्यांनी लिंबू परत नाकाशी धरलं, डोळे मिटले, आणि मोकळ्या हाताने मला खूण केली, जा, तुमच्याकडे लोक थांबलेत. मला रडू आलं. ते मी तिथेच फलाटावर उरकलं, कारण सुट्टी संपत आली होती आणि टेबलावर अजून चौदा काचा होत्या.